मध्यभागी उभे केलेले मूल : ख्रिस्ती शिक्षणदृष्टीचा परिचय

गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेतील सातवीच्या मुलांची सहल घेऊन आम्ही मांडूस गेलो होतो. जहाजमहाल आणि हिंदोळामहाल पाहून झाल्यावर दुपारी जामा मशिदीसमोरच्या अशर्फी महालात मुले डबे उघडून बसली. ह्या वास्तूला आज महाल म्हणत असले, तरी मुळात ती मदरसा म्हणून, म्हणजे विद्यार्थ्यांच्या निवासाची व अध्ययनाची जागा म्हणून बांधण्यात आली, ही गोष्ट आम्ही मुलांना सांगितली. मधल्या चौकाभोवती खोल्यांच्या रांगा होत्या. पुढे महमूद खिलजीच्या अमदानीत हा चौक भरून काढून त्यावर सुलतानाची कबर उभारली गेली, आणि कोपऱ्यात मेवाडवरील विजयाचे स्मारक म्हणून सात मजल्यांचा मनोरा बांधला गेला. आज ती कबर ढासळली आहे आणि मनोऱ्याचा खालचा भाग तेवढा उरला आहे. विद्यार्थ्यांसाठी बांधलेल्या खोल्या मात्र बऱ्याच शिल्लक आहेत.

ही हकीकत ऐकून मुलांनी तेथेच शाळेचा खेळ मांडला. गुरुजी झालेल्या मुलाने सर्वांआधी कोणते काम केले असेल? त्याने जवळची एक वाळकी डहाळी मोडून छडी तयार केली! आम्हांस हसू आले, पण त्या हसण्यात थोडी शरमही होती. ह्याच वेळी गोरखचिंचेची फळे टोपलीत घेऊन विकणारा, नऊ-दहा वर्षांचा एक भिल्ल मुलगा कमानीशी येऊन उभा राहिला. टोपली खाली ठेवून तो खेळ पाहू लागला, आणि पाहता पाहता शेवटच्या रांगेत जाऊन बसला. आमच्या मुलांचे लक्ष विचलित होईल म्हणून आम्ही त्यास म्हणालो, "जा बाबा, पुढे जा." तो मुकाट्याने उठला, टोपली उचलून समोरच्या मशिदीच्या पायऱ्यांवर जाऊन बसला, आणि तेथून आमच्याकडे पाहत राहिला.

परतीच्या वाटेवर, कॉलेजात असताना वाचलेल्या शुभवर्तमानांतील एक प्रसंग आम्हांस आठवला. लोक आपली मुले येशूकडे आणीत होते आणि त्याचे शिष्य त्यांना हटवीत होते. गुरूस त्रास होऊ नये, हाच त्यांचा हेतू असावा. परंतु गुरू त्या शिष्यांवर रागावला, अशी नोंद मार्काने केली आहे. मुलांना हटविणारे ते शिष्य दुष्ट नव्हते. आमच्यासारखेच शिस्तप्रिय होते. आम्ही ख्रिस्ती नाही. तरीही एका शिक्षकास हा प्रसंग इतका झोंबावा, तर त्यामागील शिक्षणदृष्टी समजून घेतली पाहिजे, असे वाटले. प्रस्तुत लेखाचा उगम हा असा आहे.

मूळ कल्पना

ख्रिस्ती शिक्षण म्हटले की आपल्या मनात दोन चित्रे उभी राहतात. एक मिशनच्या शाळेचे : स्वच्छ आवार, कडक शिस्त, चांगले इंग्रजी. दुसरे धर्मांतराचे. दोहोंस इतिहासात आधार आहे; परंतु ही दोन्ही बाह्य चित्रे होत. त्या दृष्टीचा गाभा पाहावयाचा तर शुभवर्तमानांकडे वळावे लागते.

तेथील एक प्रसंग असा : आपल्यात मोठा कोण, असा वाद शिष्यांत चालला होता. तेव्हा येशूने एका बालकास बोलावून त्यांच्या मध्यभागी उभे केले, आणि असे झाल्यावाचून देवाच्या राज्यात तुमचा प्रवेश नाही, असे सांगितले. ह्या कृतीचे महत्त्व त्या काळाच्या पार्श्वभूमीवरच कळते. रोमन कायद्याने नवजात मुलास स्वीकारावे की टाकून द्यावे, हे ठरविण्याचा अधिकार पित्यास होता. मूल म्हणजे अपुरा माणूस, अशी तेव्हाची समजूत होती. त्या अपुऱ्या माणसास मोठ्यांचा मापदंड ठरविणे ही केवळ वत्सलता नव्हे. मूल्यांची ती उलथापालथ होती.

ह्या कृतीतून तीन तत्त्वे निघतात. पहिले, मुलाची किंमत त्याच्या गुणांवर अवलंबून नाही. मनुष्य देवाच्या प्रतिमेप्रमाणे निर्माण झाला, हे बायबलच्या आरंभीचे प्रतिपादन आहे. ती प्रतिमा पहिल्या क्रमांकाने येणाऱ्या मुलात जितकी, तितकीच नापास होणाऱ्या मुलातही असते. दुसरे, शिक्षक हा मुलाचा धनी नव्हे, विश्वस्त आहे. लहानग्यास वाईट मार्गास लावणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्यास समुद्रात बुडविलेले बरे, इतके कठोर शब्द येशूने ह्या संदर्भात वापरले आहेत. तिसरे तत्त्व आम्हांस विशेष मोलाचे वाटते. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे प्रत्यक्ष देव मूल होऊन वाढला. लूकाने बारा वर्षांच्या येशूचे जे चित्र रेखाटले आहे, त्यात तो मंदिरातील पंडितांमध्ये बसून त्यांचे ऐकत आहे आणि त्यांस प्रश्न विचारीत आहे. त्यानंतर तो आईबापांबरोबर घरी परतला, त्यांच्या आज्ञेत राहिला, आणि ज्ञानाने व शरीराने, देवाच्या व मनुष्यांच्या कृपेत वाढत गेला. बुद्धी, शरीर, भक्ती आणि लोकव्यवहार अशा चारही अंगांची वाढ एकाच ओळीत सांगणारे हे वर्णन म्हणजे पुढील ख्रिस्ती शिक्षणविचाराचे बीजच म्हणावे लागेल.

आपल्या परंपरेसही बालरूपातील देव अपरिचित नाही. गोकुळातल्या कृष्णाचे लाड आपल्या संतांनी आणि आयाबहिणींनी भरभरून केले आहेत. परंतु हे वात्सल्य आपल्याकडे देव्हाऱ्यात आणि ओवीत जितके रमले, तितके पंतोजींच्या शाळेत उतरले नाही. आपण गुरूचे माहात्म्य उदंड गाइले. शिष्याचे माहात्म्य त्या मानाने थोडे.

छडीचा प्रश्न

येथे एक आक्षेप येईल. मूल इतके थोर, तर ख्रिस्ती शाळांत शतकानुशतके छडी चालली ती कशी? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर ख्रिस्ती विचारातील एका खऱ्या ताणात सापडते. मूल देवाची प्रतिमा आहे, तसेच ते पापप्रवण मानवकुळातही जन्मले आहे, अशी ही श्रद्धा आहे. ज्यांनी दुसऱ्या अर्धावर भर दिला, त्यांनी जुन्या करारातील नीतिसूत्रांतल्या छडीचा आधार घेतला आणि मुलाची इच्छाशक्ती मोडणे हे आपले कर्तव्य मानले. ज्यांनी पहिले अर्धही ध्यानी ठेवले, त्यांचा मार्ग निराळा झाला. बापांनी मुलांना चिरडीस आणू नये, त्यांची मने खचतील, हा पौलाचा इशारा त्यांनी विसरू दिला नाही.

ह्या दुसऱ्या परंपरेतील एक कथा प्रत्येक शिक्षकाने ऐकावी अशी आहे. अकराव्या शतकातील संत अन्सेल्म ह्यांच्याकडे एका मठाच्या प्रमुखाने तक्रार केली, की मठातील मुलांना आम्ही रात्रंदिवस मारतो, तरी ती सुधारत नाहीत. अन्सेल्म ह्यांनी त्यास विचारले, की बागेत एखादे रोप लावून त्यास सर्व बाजूंनी असे कोंडलेस की फांदी पसरावयास जागाच राहू नये, आणि काही वर्षांनी ते मोकळे केलेस, तर कसले झाड दिसेल? वाकडे, गुंतागुंतीचे, निरुपयोगी. मग दोष झाडाचा की तुझा? अन्सेल्म ह्यांच्या सहवासात राहिलेल्या चरित्रकाराने हा संवाद नोंदविला आहे. सतराव्या शतकात मोरेव्हियन बंधुसंघाचा बिशप कोमेनियस (१५९२-१६७०) ह्याने सर्वांना, मुलामुलींना, गरीब-श्रीमंतांना सर्व काही शिकविले पाहिजे असा आग्रह धरला, आणि १६५८ साली मुलांसाठी चित्रांचे पाठ्यपुस्तक काढले. एकोणिसाव्या शतकात इटलीतील तुरीन येथे रस्त्यावरच्या पोरक्या मुलांत काम करणारे धर्मगुरू डॉन बॉस्को ह्यांनी, शिक्षेची वेळच येऊ नये इतके शिक्षकाने मुलांत मिसळून राहावे, ही पद्धती घालून दिली.

आपल्या देशात २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत शारीरिक शिक्षा करण्यास मनाई केली आहे. कायद्याने छडी कपाटात गेली. परंतु ती मुलांच्या खेळातून गेलेली नाही, हे अशर्फी महालात आम्ही डोळ्यांनी पाहिले. मुलाने ती कोठून घेतली असेल? आमच्या शब्दांतून, आमच्या भुवयांतून घेतली असेल. छडी टाकणे सोपे आहे; मुलाविषयीची कल्पना बदलणे कठीण आहे.

महाराष्ट्रातील अनुभव

ही दृष्टी मराठी मुलुखात आली ती प्रामुख्याने मिशनऱ्यांच्या द्वारे. तिचे काय झाले, हे आता पाहू. ह्या इतिहासात उज्ज्वल पाने आहेत, तशी दुखरीही आहेत.

सिंथिया फरार ही अविवाहित अमेरिकन शिक्षिका १८२७ च्या अखेरीस मुंबईस आली, १८३९ पासून अहमदनगरला राहिली, आणि १८६२ साली तेथेच वारली. मुलींनी शिकणे म्हणजे अनर्थ, असे मानणाऱ्या समाजात तिने अर्धे आयुष्य मुलींना अक्षर शिकविण्यात घालविले. जोतीराव फुले ह्यांनी नगरची तिची शाळा पाहिली आणि त्या दर्शनातून प्रेरणा घेऊन १८४८ साली पुण्यास मुलींसाठी शाळा काढली. जोतीराव स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले होते. ते ख्रिस्ती झाले नाहीत. बीज एका बागेतले, झाड दुसऱ्या बागेत वाढले. त्यामुळे त्या बीजास कमीपणा येत नाही.

ह्याच झाडाचे एक फळ म्हणजे मुक्ताबाई. जोतीरावांच्या शाळेत शिकणाऱ्या, सुमारे चौदा वर्षांच्या ह्या मांग मुलीने आपल्या समाजाच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि अमेरिकन मिशनच्या 'ज्ञानोदय' ह्या नियतकालिकाने तो १८५५ साली दोन अंकांत छापला. प्रसूतीच्या वेळी डोक्यावर छप्परही नसणाऱ्या आपल्या स्त्रियांची व्यथा तीत होती, आणि आमचा धर्म कोणता, हा प्रश्नही होता. नियतकालिक मिशनचे, शाळा फुल्यांची, लेखणी मांगवाड्यातील मुलीची. मोठ्यांच्या सभेत एका मुलीस मध्यभागी उभे करून तिचे बोलणे ऐकून घेतले गेले, असा हा प्रसंग आम्ही मानतो. ह्याच मिशनने १८७३ साली मुलांसाठी 'बालबोधमेवा' हे मासिक काढले; पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांसारख्या कवीचा हात त्यास लागला.

आता दुखरे पान. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री ह्या तरुणाने ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्याचा अल्पवयीन धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांच्या आश्रयास राहिला. पित्याने न्यायालयात दाद मागितली आणि न्यायालयाने मुलगा पित्याच्या स्वाधीन केला. परंतु श्रीपताने ख्रिस्ती लोकांत अन्नोदक घेतले होते; त्यास जातीत परत घ्यावे की नाही, ह्यावरून मोठे वादळ उठले. एका बाजूस त्यास आपल्याकडे ठेवू पाहणारे मिशनरी, दुसऱ्या बाजूस त्यास दार बंद करणारे सनातनी. दोन्ही पक्षांच्या वादात ते मूल एक निमित्त झाले. बाळशास्त्री जांभेकरांनी मात्र प्रायश्चित्त देऊन त्यास शुद्ध करून घ्यावे म्हणून खटपट केली आणि त्याबद्दल स्वकीयांचा रोष पत्करला. बाळशास्त्री हे हाडाचे शिक्षक होते. ह्या वादात 'मुलाने आता जावे कोठे?' हा प्रश्न सर्वांपुढे ठेवून वागणारा मनुष्य एक हिंदू शिक्षक होता, असे आमचे मत आहे. बारा वर्षांच्या येशूस मंदिरातून आईबापांबरोबर घरी पाठविणाऱ्या कथेशी मिशनऱ्यांपेक्षा बाळशास्त्रींचेच वर्तन अधिक जुळते, असे म्हटल्यास ते धाडसाचे होईल, पण असत्य होणार नाही.

मुलाच्या श्रद्धेवर शिक्षकाचा अधिकार कितपत, हा प्रश्न पुन्हा उभा राहिला तो पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात. रमाबाई स्वतः रानातल्या आश्रमात, घरकामाच्या आधी पहाटे आईच्या मांडीवर बसून संस्कृत शिकलेल्या. १८८९ साली मुंबईस त्यांनी विधवा व निराधार मुलींसाठी शारदासदन उघडले आणि पुढील वर्षी ते पुण्यास नेले. धोंडो केशव कर्वे ह्यांच्या पत्नी आनंदीबाई ह्या तेथील अगदी आरंभीच्या विद्यार्थिनींपैकी होत. संस्थेत धर्मशिक्षणाची सक्ती नव्हती. परंतु रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार बंद करीत नसत, आणि काही मुली तेथे जाऊन बसू लागल्या. ह्यावरून १८९३ साली न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर आदी सल्लागारांनी आपला संबंध सोडला. अनेक मुलींना पालकांनी काढून नेले.

येथे न्याय कोणाचा? बोलावणे नाही आणि दार बंदही नाही, ही रमाबाईंची भूमिका प्रामाणिक होती, ह्याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु ज्या मुलीला जगात दुसरा आसरा नाही, तिला आसरा देणाऱ्या व्यक्तीचे उघडे दार हेही एक प्रकारचे बोलावणे ठरते, ही सल्लागारांची शंकाही तितकीच प्रामाणिक होती. कोवळ्या मनावर शिक्षकाचे वजन किती पडते, हे शिक्षकाइतके कोणास ठाऊक नसते. आपल्या राज्यघटनेने ह्या प्रश्नावर एक रेषा आखली आहे. अठ्ठाविसाव्या अनुच्छेदाप्रमाणे सरकारमान्य वा अनुदानित शाळेत विद्यार्थ्यास, आणि तो अज्ञान असल्यास त्याच्या पालकास, मान्य असल्याशिवाय धर्मशिक्षणास बसण्याची सक्ती करता येत नाही. ही रेषा धर्माच्या विरोधात आहे असे आम्हांस वाटत नाही. मुलाला मध्यभागी ठेवण्याचाच तो एक मार्ग आहे.

तरीही रमाबाईंचे पुढचे कार्य विसरता येणार नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतांत जाऊन त्यांनी उपाशी मुली व स्त्रिया केडगावला आणल्या आणि त्यांच्यासाठी मुक्तिसदन उभे केले. तेथे अक्षरांबरोबर शेती, विणकाम आणि छापखाना आला. अंध मुलींनाही शिकविले गेले. बुद्धी, शरीर, भक्ती आणि लोकव्यवहार ही लूकाने सांगितलेली चारही अंगे तेथे एकाच आवारात वाढत होती.

मालव्याकडे, आणि पुन्हा मांडूकडे

आमच्या मालव्यात ही दृष्टी कॅनेडियन प्रेस्बिटेरियन मिशनच्या द्वारे आली. १८७७ साली इंदुरात त्यांचे काम सुरू झाले, १८८७ साली तेथे ख्रिश्चन कॉलेज निघाले, आणि १८९५ च्या सुमारास डॉक्टर मार्गारेट ओहारा धारला येऊन स्त्रियांसाठी दवाखाना चालवू लागल्या. होळकरांच्या आणि पवारांच्या राज्यांतील मराठी कुटुंबांना पाश्चात्त्य विद्येचा आणि वैद्यकाचा परिचय होण्यास ह्या मंडळींचे मोठे साहाय्य झाले.

परंतु ह्या दृष्टीची मराठीतील सर्वांत सुंदर परिणती आम्हांस एका बिगर-ख्रिस्ती कार्यात दिसते. कोमेनियसची वाट पुढे जर्मन धर्मोपदेशकाचा पुत्र फ्रोबेल ह्याच्या बालोद्यानाकडे गेली. इटलीतील कॅथलिक विदुषी मारिया माँटेसोरी ह्यांनी १९०७ साली रोमच्या गरीब वस्तीत बालगृह उघडले, आणि मुलाकडे आदराने पाहावयास युरोपला नव्याने शिकविले. त्यांच्या पद्धतीला भारतीय रूप देणाऱ्या ताराबाई मोडक ह्यांनी १९४५ साली अनुताई वाघ ह्यांच्यासह तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामबालशिक्षणाचे कार्य आरंभिले, आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. तेथील आदिवासी मुले शाळेत येईनात, कारण त्यांना गुरे राखावयाची असत. तेव्हा मुले येत नाहीत म्हणून त्यांना दोष न देता ह्या दोघींनी शाळाच मुलांकडे नेली : अंगणात अंगणवाडी, कुरणात कुरणशाळा. मुलास बोलावून मध्यभागी उभे करणे ही एक पायरी. मूल जेथे आहे तेच मध्य मानून तेथे जाणे ही तिच्या पुढची.

कुरणशाळेची ही हकीकत आम्ही अध्यापनाच्या वर्गांत कितीदा तरी सांगितली आहे. आणि तरीही मांडूच्या त्या जुन्या विद्यालयात, गुरे राखणाऱ्याऐवजी गोरखचिंच विकणारा एक मुलगा आपण होऊन शेवटच्या रांगेत येऊन बसला, तेव्हा त्यास आम्हीच उठविले.

ख्रिस्ती शिक्षणदृष्टीपासून इतर धर्मीय शिक्षकाने काय घ्यावे, असे कोणी विचारील, तर आमचे उत्तर थोडके आहे. तिच्या श्रद्धा ज्याच्या त्याला लखलाभ असोत. परंतु मुलाची किंमत गुणपत्रिकेच्या आधीची आहे; मूल आपल्याकडे ठेव म्हणून आले आहे, आपल्या संस्थेची वा पंथाची संख्या वाढविण्यासाठी नव्हे; आणि वर्गाचे दार बंद करताना बाहेर कोण उरले, हे पाहणे शिक्षकाचे काम आहे, ह्या तीन गोष्टी कोणत्याही धर्माच्या शिक्षकास स्वीकारता येतील. श्रीपताच्या वेळी मिशनऱ्यांना ज्याचा विसर पडला आणि मुक्ताबाईच्या वेळी ज्याचे भान राहिले, ते एवढेच आहे.

ह्या वर्षीही सहल मांडूस न्यावयाची, असे आम्ही ठरविले आहे. अशर्फी महालात पुन्हा शाळा मांडली जाईल. तो मुलगा तेथे असेल की नाही, कोण जाणे. असला, तरी त्यास हाक कशी मारावी, हा प्रश्न आहेच. कारण त्या दिवशी त्याचे नाव विचारण्याचेही आम्हांस सुचले नाही.